पाचशेच्या कढईत पाचशे एक

सोम., ३ फेब्रु.
आज परत मिरचीचं लोणचं वाया! महिनाभरातला तिसरा घाणा. तेल तापलं, मसाला पडला, मिरची ओतायच्या पायरीला इंजिन अडून बसलं. इंजिन म्हणजे माझंच सॉफ्टवेअर, कारखान्यातली कामं एकामागून एक सुरू करणारं. शेठ फोनवर म्हणाले, "आकडे दगडूकाकाच भरतात ना? शुक्रवारी मी येईन, तेव्हा त्यांचा पासवर्ड काढून टाक." अठ्ठावीस वर्षं लोणचं घालणारा माणूस. जेवणाचा डबा तसाच घरी आणला.

मंगळ., ४
जुन्या नोंदी उकरल्या. २५१ किलोचा घाणा पार, ३०१ पार, ४०१ पार. वाया गेलेले तिन्ही ५०१. कढई पाचशेची!
काकांना गाठलं. ऑर्डर पाचशेची, मग पाचशे एक का?
"पुरा आकडा भरू नये गं. पुरा झाला म्हंजे संपला. वर एक पायजे, बरकत ऱ्हाते."
हसू का रडू! आहेराच्या पाकिटाला एक रुपया मीही चिकटवतेच की. चूक काकांची कसली, माझी. कढईत मावेल का, हे शेगडी पेटवायच्या आधी विचारायला नको? लिहितानाही लाज वाटतेय.

गुरु., ६
झालं!! आता इंजिन घाणा सुरू करायच्या आधीच सगळं तपासतं. वजन, तेल, तापमान, कढईतली जागा. काही राहिलं किंवा जास्त झालं तर हलतच नाही, आणि का ते मराठीत सांगतं. काकांनी मुद्दाम वजन रिकामं सोडलं. लगेच ओरडलं.
"हे तर माझ्या बायकोसारखं हाय! उंबरा ओलांडायच्या आधीच सगळं इचारतंय."
मग ५०१ भरलं. नाकारलं. काकांचं तोंड एवढंसं झालं. एकदम म्हणाले, "दोन घाणे कर. दोनशे एक्कावन, परत दोनशे एक्कावन."
वा रे पठ्ठ्या!

शुक्र., ७
शेठ खोपोलीहून नारळ घेऊनच आले. फोडला. काकांना उठवून स्वतः खुर्चीत. ऑर्डर पाचशेची. आणि शेठनी भरलं काय? ५०१!! देवाशप्पथ.
स्क्रीनवर: "कढई पाचशेची आहे. एक किलो जास्त."
काका हळूच खोकले. "शेठ, वर एक लागतोच वं."
शेठ असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग काकांनाच बसवलं. दोन्ही घाणे सुरळीत उतरले, वास पार हायवेपर्यंत. वरचे दोन किलो सगळ्यांनी वाटून घेतले. दहिवलीला घरी आईसाठी एक बरणी आणली.
निघताना शेठना विचारलं, "काकांचा पासवर्ड काढू का?" तोंडात लोणचं, नुसता हात हलवला. नको, की थांब?
आधी तपासायचं, मगच पुढे जायचं, हा नियम माझाच. पण आज पासवर्ड तसाच ठेवला, आणि दुसऱ्यांदा विचारायला मी काही गेले नाही.