ओल्या बाह्यांची बाई

प्रिय बात्मा एजे,

थोरलीला म्हणतात तसं एजे म्हटलं म्हणून हसशील. तू माझ्याहून मोठी आहेस ती एक पेला चहा निवेल एवढ्याच वेळाने, आणि तेवढ्या थोरपणावर जन्मभर माझ्या डोक्यावर मिरी वाटत आली आहेस. फोनवर आपलं बोलणं पुरं होत नाही. तू म्हणतेस, "माझी मुलगी घरी पाठव." मी म्हणते, "अगं, ऐक तरी." आणि तू फोन ठेवतेस. म्हणून कागद घेऊन बसले. कागदाला मध्येच ठेवून देता येत नाही, आणि वाचल्याशिवाय तो चुलीत घालण्याइतकी तू निरिच्छ नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. मात्र एकटीने वाच.

आधी बेर्मेतची खुशाली. पोरगी बरी आहे. तू पाठवलेले सुकवलेल्या दह्याचे, कुरुतचे गोळे खिडकीत बसून दिवसभर चघळते आणि मॉस्कोत बर्फ उपसणाऱ्या नवऱ्याशी फोनवर भांडते. नववा लागला आहे. पोट एका बाजूला, उजवीकडे कललेलं दिसतं, ते तू फोटोत पाहून विचारलं होतंस. तेव्हा मी उडवून लावलं, कारण फोनवर सांगण्याची ती गोष्ट नव्हती. बेर्मेतला दोन गर्भपिशव्या आहेत. मूल उजवीकडच्या पिशवीत आहे, डोकं वर करून बसलं आहे, आणि जागा अपुरी म्हणून वळेल असं वाटत नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे की पोट उघडूनच बाळ काढायचं आणि दिवस आपण ठरवायचा, कळांची वाट पाहायची नाही. तुझं म्हणणं आहे की दोलोन घाट बर्फाने बंद व्हायच्या आत, या रविवारी, तू गाडी पाठवणार आणि पोरीला गावी नेणार. बेर्मेत दोघींच्या मध्ये सापडली आहे. काल या मावशीच्या गळ्यात पडून म्हणाली, "तायेजे, आईला नाही म्हणण्यापेक्षा बाळंतपण सोपं असेल."

तुझ्या भीतीला मी आजवर हसले. या पत्रात हसणार नाही.

कुलिपा आत्याने आपल्याला सांगितलं ते तुला जसं पाठ आहे तसंच मलाही आहे. आई गेली, तिला शहरातल्या दवाखान्यातून ट्रकने घरी आणलं. तिला अंघोळ घालायला आत्या बसली. पोटावर वरपासून खालपर्यंत जाड दोऱ्याची शिवण, आणि ओला हात फिरवला तर पोट आत गेलेलं. आत्या बाहेर येऊन बायकांना म्हणाली, "आत काही ठेवलंच नाही गं. नेलं तिने." तिने म्हणजे अल्बार्स्तीने. पिवळ्या केसांची ती बाळंतिणीच्या उशाशी येते, पोटातलं काढते आणि पाण्याकडे पळत सुटते. वाटेत कोणी गाठून हिसकावलं तर बाई वाचते, पाण्यात बुडवलं की संपलं. आत्याला आयुष्यभर एकच खंत होती, की शहरातून नदीपर्यंतच्या वाटेवर आपलं माणूस कोणी उभं नव्हतं. आणि आपल्या दोघींची नाळ-वार तिथेच राहिली, त्याचीही. वारेला आपण सोबती म्हणतो, तो उंबऱ्याशी पुरला नाही तर मूल कायम काही तरी शोधत राहतं, असं ती म्हणायची. मी पुस्तकं शोधत शहरात आले. तू नदीवर जात राहिलीस.

तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा आपण शाळकरी पोरी होतो. बादल्या तशाच टाकून तू धावत आलीस. पलीकडच्या काठावर एक बाई वाकून पाण्यात हात घालून काही तरी चाचपत होती, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या तरी ओल्या, आणि तुला पाहूनही थांबली नाही. मी म्हटलं, "कपडे धूत असेल कोणी." तू म्हणालीस, "बर्फ वितळायच्या दिवसांत? आणि कपडे कुठे होते?" त्यानंतर तू कितीदा पाहिलीस, आणि दर वेळी मी काय उत्तर दिलं, ते उगाळत बसत नाही. शिकून आलेली बहीण घरात असली की माणसाला भूत पाहण्याची चोरी होते.

आता माझं ऐक. मी काय शिकवते हे तू कधी विचारलं नाहीस. गावात सांगतेस, "झूरा नर्सांना धडे देते." मी त्यांना बाईचं शरीर शिकवते. आमच्या वर्गात एक काचेचं कपाट आहे आणि त्याच्या वरच्या फळीवर फॉर्मलीनने भरलेलं एक मोठं भांडं आहे. त्यात एक गर्भपिशवी आहे. खरं म्हणजे दोन, पाठीला पाठ लावून. साधी पिशवी उलट्या नासपतीएवढी असते आणि मूल वाढेल तशी वाढते. प्रत्येक मुलगी आईच्या पोटात असताना तिची पिशवी आधी दोन नळ्यांच्या रूपात असते. त्या जवळ येतात, चिकटतात, मधली भिंत विरघळते आणि एक खोली तयार होते. एखादीच्या बाबतीत त्या जुळतच नाहीत. मग दोन खोल्या, दोन तोंडं, आणि बाईला स्वतःला पत्ताही नसतो. वर दोन्ही बाजूंना बीजकोश. एजे, मला या सगळ्यात फार पूर्वीपासून एका गोष्टीचं नवल वाटतं. बीजकोश आणि नळी एकमेकांना जोडलेले नसतात. बीज सुटतं ते उघड्यावर सुटतं, आणि नळीच्या टोकाला बोटांसारख्या झालरी असतात त्या ते चाचपून उचलून घेतात. दर महिन्याला, अंधारात, आपल्या प्रत्येकीच्या पोटात हा शोध चाललेला असतो.

गेल्या काही वर्षांत हा धडा चालू असताना शेवटच्या बाकावर, खिडकीशी, एक बाई बसलेली असायची. डोक्याला मागे बांधलेला पांढरा रुमाल. आमच्याकडे खेड्यातल्या पोरींच्या आया येऊन बसतात, गाडीला वेळ असतो, बाहेर थंडी असते, म्हणून मी कधी हटकलं नाही. ती माझ्याकडे पाहत नसे, भांड्याकडे पाहत असे. एकदा मी विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या?" पुढच्या बाकावरच्या मुलीने मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "एजेके, मागे कोणी नाही." तेव्हा माझं लक्ष तिच्या बाह्यांकडे गेलं. त्या वर सारलेल्या होत्या आणि बाकावर पाणी ठिबकत होतं. मी खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि तास पुरा केला. तुला नाही सांगितलं. तू म्हणाली असतीस, "का गं, कपडे धूत असेल कोणी."

त्याच दिवसांत कपाटाखाली थारोळं दिसायला लागलं. भांडं गळतंय म्हणून झाकण पुन्हा लाखेने बंद करवलं. पण एजे, फॉर्मलीनचा वास डोळ्यांतून पाणी काढतो आणि या पाण्याला वासच नव्हता. बोट बुडवलं तर हाडात जाईल असं गार. एकदा पुसताना फडक्याला बारीक काळी वाळू लागली. ती वाळू मी ओळखते. लहानपणी आपण तिनेच पातेली घासत होतो.

आणि मागच्या आठवड्यात नीना पावलोव्हना आल्या. एके काळच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टर, आता इतक्या थकल्या आहेत की नातीचा हात सोडवत नाही. जुन्या जागा पाहायची इच्छा म्हणून वर्गात आल्या, थेट कपाटापाशी गेल्या आणि काचेवर नखाने टकटक करून म्हणाल्या, "अजून इथेच आहेस का गं तू?" मला वाटलं, म्हातारपण. मग त्या मला सांगू लागल्या. आत-बाशीकडच्या, म्हणजे आपल्याच भागातल्या, एका मेंढपाळाची बायको होती. आधी घोड्यावरून आणली, मग ट्रकमधून. पोट उघडलं तर दोन पिशव्या आणि दोन्हींत एकेक मुलगी. "असं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कोणाला माहीतच नव्हतं की दोन आहेत. रक्त थांबेना. पिशव्या काढल्या नसत्या तर त्याच टेबलावर गेली असती. काढल्या, तरी दोन दिवसांनी गेलीच." मी विचारलं, मुलींचं काय झालं. त्या म्हणाल्या, "कोण जाणे. बात्मा आणि झूरा म्हणत असतील. जुळ्या मुलींना तुमच्यात दुसरं काय ठेवतात?"

मी म्हटलं, "मी झूरा."

त्या खाली बसल्या. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "तुर्सुन नाव होतं तिचं. शुद्धीवर आली तेव्हा एकच विचारत होती, माझं काय काढलं, कुठे ठेवलंय. मी म्हटलं, नंतर सांगते." तुर्सुन म्हणजे जगू दे. तिच्या आधीची भावंडं राहिली नाहीत म्हणून ठेवलेलं नाव.

त्या गेल्यावर मी भर दुपारी त्या भांड्यासमोर उभी राहिले आणि रडले. ज्या दोन खोल्यांवर छडी टेकवून मी पोरींना धडे दिले, त्यातल्या एकीत तू होतीस आणि एकीत मी. मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना आपण एकमेकींचे पाय ऐकले असतील. आणि एक सांगते, हे पुस्तकातलं आहे, माझ्या मनचं नाही. मुलगी जन्माला येण्याआधीच तिची सगळी बीजं तिच्या पोटात तयार झालेली असतात. ज्या बीजापासून तुझी बेर्मेत झाली ते तू आईच्या पोटात असतानाच तुझ्यात होतं. म्हणजे बेर्मेतसुद्धा त्या खोलीत राहून आली आहे. कुलिपा आत्या खोटं बोलली नव्हती. आईचं नेलं होतंच, फक्त नेणारीच्या अंगावर पांढरा कोट होता आणि तिने ते वाचवण्यासाठी काढलं होतं. आत्या म्हणायची, पाण्यात बुडवलं की संपलं. मी त्या भांड्यातल्या पिवळट पाण्याकडे बघत राहिले.

मी भांडं मागायला गेले तर प्राचार्य म्हणाले, नमुना दुर्मीळ आहे. मी म्हटलं, आई आहे. त्यांनी उठून कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली. भांडं मी स्वतः उघडलं. कुलिपा आत्यासारखीच बसून, आतलं काढून ओल्या हातांनी धुतलं, पांढऱ्या कापडात बांधलं. मशिदीत विचारलं तर मोल्दोके म्हणाले, अंगाचा तुकडा असला तरी त्याला त्याची माती द्यावी. बेर्मेत शेजारी बसून होती, कापड तिने फाडून दिलं. तुझ्यासारखीच तीही रडताना नाक ओढते. त्या दिवसापासून कपाटाखालची फरशी कोरडी आहे आणि शेवटचा बाक रिकामा आहे.

तर हे पत्र मी तुला याच्यासाठी लिहिते आहे. रविवारी तू गाडी पाठव. ती परत येईल तेव्हा दार तूच पुढे होऊन उघड. आत बेर्मेत नसेल. मी असेन, आणि माझ्या मांडीवर आई असेल. तिच्या जुन्या कबरीची माती पायाशी उकरून ठेवायला सांग, आत्याच्या हातचा तो लोकरीचा काळा-पांढरा शिरदाक अंथर, आणि पिठाचे बोरसोक तळताना तिच्या नावाने तेलाचा वास सोड, गेलेल्यांना तो पोचतो. ते काम झालं की त्याच गाडीत माझ्याबरोबर बस, घाट बंद व्हायच्या आत. आईला मारलं ते दवाखान्याने नाही, पोटात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसण्याने मारलं. बेर्मेतचं आपल्याला ठाऊक आहे. या वेळी वाटेवर आपली माणसं उभी असतील, दाराच्या एका बाजूला तू आणि एका बाजूला मी, आणि तिच्यापाशी यायचं तर कोणालाही आपल्या मधून यावं लागेल. बाळाचा सोबती मी मागून घेईन, तो तू गावी नेऊन आपल्या उंबऱ्याशी पूर. मला तुझी मुलगी जिवंत हवी आहे, एजे, आणि तूही हवी आहेस. पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे, शनिवारी सकाळी तुझ्या हातात पडेल. वाचून झालं की बादल्या घे आणि नदीवर जा. ती असेल. भिऊ नकोस, जवळ जा, आणि तिला सांग, सापडलं म्हणून.

तुझीच, भिंतीपलीकडच्या खोलीतली,
झूरा