घरची काव

४ जुलै १९८८, सोमवार

केर टाकला म्हणून शिव्या खाल्ल्या. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी!

झालं असं. सुर्ल्याहून सकाळची बस पकडली ती डिचोलीला वेळेआधीच पोचली. वर्ग उघडा, आत कुणी नाही. बाकांखाली सगळी कचकच. म्हटलं बसून काय करायचं — झाडू घेतला, लख्ख झाडून काढलं आणि केर मागच्या गटारात. मग शेटमास्तर आले. गोकुळदास शेट — चांदीकाम शिकवणारे. हे स्वतः मॅट्रिक नाहीत म्हणे, पण कॉलेजने हात जोडून आणलंय. जमिनीकडे बघितलं आणि विचारलं, "केर खंय?" मी आपली ऐटीत — टाकला! ते स्टुलावर मटकन बसलेच. "चांदी उडयली गो तुवें!"

कानशीचा भुगा, तारेचे तुकडे, सगळं त्या केरात असतं. वर्षभर डब्यात साठवतात, मग झारेकरी येऊन तो धुतो आणि त्यातून चांदी काढून देतो. सोनाराच्या घरचा केर उंबऱ्याबाहेर जात नाही. हे मला कोण सांगणार होतं? आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी सोनार नाही. गटारातून सुपलीने सगळा परत भरून आणला. वर्गातले सातही मुलगे दात काढत उभे. साईश सगळ्यांत जास्त — तो शेटांच्यातलाच, म्हणजे सोनारांच्या घरातला, घरी आजोबांची भट्टी आहे. "भाग्यलक्ष्मी न्हय, केरलक्ष्मी!" म्हणे.

आईला घरी सांगितलं. ती अंगणातली तांबडी धूळ झाडत होती — खाणीची, दिवसातून तीनदा झाडते. म्हणाली, "बरां आसा! हय माझो जल्म गेलो केर काडून, नि थंय केराची पूजा!"

९ ऑगस्ट

फुंकणी जमत नाही. नाकाने श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी गालातली हवा फुंकायची — दिव्याची ज्योत एकसारखी आडवी राहायला हवी. माझी ज्योत भुताने झपाटल्यासारखी नाचते. गॅसची नळी आहे वर्गात, पण शेटमास्तर हात लावू देत नाहीत. "पयलीं तोंडान."

पपईच्या देठाची नळी करून बादलीत बुडबुडे काढत बसले होते. बाबा कामावरून आले, पाहिलं. आईला विचारलं — "चेडवाक काय झाला गो?"

१३ ऑगस्ट

जमलं!! अर्धा मिनिट सलग. गाल दुखतायत. दुखू देत.

२२ सप्टेंबर

चवथीला दोडामार्गहून सगळे आले होते. काकांनी विचारलं, भागी काय शिकता? बाबा मोदक चावत राहिले. शेवटी आई म्हणाली — चांदीचा काम. मग सगळे माझ्याकडे असे बघायला लागले! जशी काही मी सर्कशीत गेलेय.

रात्री बाबा म्हणाले ते बरोबरच आहे म्हणा. "सोनारांचा काम सोनारांनी करूचा. मी ट्रक चालवतंय. तुझ्याकडे गिऱ्हाईक कशाक येतला?"  मला एवढंच माहीत — लहानपणी म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी आईची तुटलेली साखळी एका म्हाताऱ्याने माझ्यासमोर सांधली होती. फुंकर मारली, एक थेंब चमकून पळाला, आणि साखळी अखंड! मी तिथून हलायला तयार नव्हते. आईने शेवटी कान धरून ओढत नेलं.

तेच मला करायचंय. बस.

गंमत अशी — घरी मालवणी, कॉलेजात कोंकणी, आणि या वहीत मराठी. चांदीला कुठलीही चालते.

१६ जानेवारी १९८९, सोमवार

नवीन वर्षाची वही जुनीच. पानं उरलीयत.

आज दोन गोष्टी. शेटमास्तरांनी परीक्षेचं काम सांगितलं — पिंजरेची कोयरी. म्हणजे कुंकवाची, आंब्याच्या आकाराची डबी, झाकणाला बिजागरी. डबी कुणीही करील. खरी परीक्षा बिजागरीची. पाच बारक्या नळ्या — तीन डबीला, दोन झाकणाला — एका रेषेत जोडायच्या. जोडताना डाख वितळतो, चांदीहून आधी पातळ होणारा तो सांधणीचा धातू, आणि उष्णता दिसेल तिकडे धावत सुटतो. नळ्यांच्या मधे गेला की संपलं. बिजागरी कायमची घट्ट. मग ती डबी नव्हे, गोटा.

दुसरी गोष्ट. खाणीच्या काट्यावर, जिथे भरलेले ट्रक तोलतात, चिठ्ठ्या लिहायला माणूस हवाय. कारकुनाने बाबांना सांगितलं, एप्रिल अखेरपर्यंत जागा तुमच्या मुलीसाठी राखून ठेवतो. बाबा मला म्हणाले, "परीक्षा दी. नापास झालंस तर गप थंय जावन बसायचा." मी हो म्हटलं. काय म्हणणार? ट्रक पास झाला की चिठ्ठी, पास झाला की चिठ्ठी. साठ वर्षांची होईपर्यंत!

१४ फेब्रुवारी

तांब्याच्या पत्र्यावर सराव. बिजागरी हलते — कुरकुरत, पण हलते. साईश कान लावून ऐकतो काय, आणि म्हणतो, "बापायच्या ट्रकाचें दार केलां गो हें!" मी पण हसले. खरंच तसाच आवाज येतो.

१८ मार्च, शनिवार

बसली. घट्ट बसली.

चांदीची पहिली कोयरी. दोन महिन्यांचं काम. आकार इतका सुरेख आला होता की शेटमास्तरांनी हातात घेऊन दोनदा फिरवली होती. नळ्यांच्या सांध्यात मी खडू लावला होता — डाख आत जाऊ नये म्हणून. खडूचे पोपडे उडाले. डाख पाचही नळ्यांत आरपार. चिंचेच्या पाण्यात उकळून काढली, अंगठ्याने दाबली, चिमट्याने दाबली — ढिम्म.

शेटमास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "खडू कित्याक? काव लायतात." मी म्हटलं, मग द्या ना मला काव. तर म्हणाले — नाही. काव ज्याची त्याने करायची. प्रत्येक शेटाच्या घरची वेगळी, आजा-पणजाने दळलेली. उसनी मागत नाहीत, उसनी देत नाहीत. साईशने आपली कावेची डबी पटकन खिशात घातली. लाजला बिचारा, पण घातली.

माझ्या घरची काव कुठून आणू मी?? माझ्या आजोबांनी काजू वेचले!

संध्याकाळी बाबा चहा पीत होते. मी दारातच सांगून टाकलं — जमत नाही मला. काट्यावर जाते. सांगा तुमच्या कारकुनाला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. अर्धा कप तसाच ठेवला, सायकल काढली आणि गेले. तासाभराने आले.  "जेवूक वाढ," एवढंच, ते पण आईला.

एवढी घाई! चहा तरी संपवायचा.

१९ मार्च

बोलत नाही मी त्यांच्याशी.

२० मार्च, सोमवार

जायचं नव्हतं. पण बाबांनी सकाळी सातला हाक मारली, "बस चुकतली तुझी." म्हणजे एप्रिलपर्यंत नाटक पुरं करा.

वर्गात शेटमास्तरांनी माझी कोयरी परत वितळवायला लावली. माझ्याच हाताने! "चांदी रागार जायना," म्हणाले. नवा पत्रा ओतला.

साईश आपल्या कोयरीला काव लावत होता. कोंबडीच्या पिसाने, पाण्यात कालवून. मी बघत बसले. तांबडी. एकदम तांबडी! हा रंग मी कुठं पाहिलाय? कुठं कशाला — माझ्या चपलेवर! बसच्या काचेवर, आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर, बाबांच्या कानात!

शेटमास्तरांना विचारलं, काव म्हणजे काय असतं? म्हणाले, "माती. लोखणाची माती."

उद्या आईला केर टाकू देणार नाही.

२५ मार्च

शिगमो संपला. मी मांडावर नाच बघायलाही गेले नाही. तीन दिवस अंगणातली धूळ चाळतेय. चहाची गाळणी घेतली म्हणून आईने बोलणी घातली. म्हणे, "जी माती मी भायर टाकतंय ती तू आत हाडतंस!" मग हसायला लागली. मग मलाही हसू फुटलं. किती दिवसांनी!

पण जमलं नाही. तांब्याच्या नळ्यांवर लावून पाहिली — डाख निम्मा अडला, निम्मा घुसला. धूळ जाडी आहे, वाळूचे कण आहेत. पण निम्मा अडला!! म्हणजे माती बरोबर आहे.

२८ मार्च, मंगळवार

सकाळी माझ्या दप्तरावर एक काडेपेटी. उघडली तर आत तांबडी पूड. पिठीसाखरेसारखी! बोटाला लागतच नाही, नुसता रंग चढतो.

बाबा बूट घालत होते. मी विचारलं — बोलायचं नव्हतं, पण विचारलं — ही कुठली? माझ्याकडे न बघता म्हणाले, "टपावरची जाडी आसता. ही केबिनीतली, आरशाच्या मागची. थंय फक्त बारीक ता बसता." वीस वर्षं ट्रक चालवलाय माणसाने. धूळ कुठं कशी बसते ते त्यांना विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

थँक्यू म्हटलं नाही मी. नाही म्हटलं. काट्याची नोकरी पक्की करून आलेल्या माणसाला काय थँक्यू म्हणायचं?

३ एप्रिल

तांब्याची पहिली — हलली. दुसरी — हलली. तिसरी — आवाजसुद्धा नाही!

साईश कान लावून बसला होता. "दार गेलें गो," म्हणाला. "आतां खिडकी जाली."

६ एप्रिल

पाडवा. आईने गुढीपुढे पाट्या-पुस्तकांबरोबर माझी फुंकणी ठेवली. मी सांगितलं नव्हतं.

१७ एप्रिल, सोमवार

उघडली!!!

पणजीहून एक बाई आल्या होत्या परीक्षक म्हणून. सगळ्यांच्या कोयऱ्या टेबलावर ओळीने. माझी सातवी. हात पदराला पुसत होते, पदर नव्हता — ओढणी होती, ती भिजली. बाईंनी अंगठ्याने झाकण उचललं आणि ते असं उघडलं, इतकं सहज, की त्यांनी लगेच मिटून पुन्हा उघडलं. मग तिसऱ्यांदा. उगीचच! लहान मुलासारखं!

नळ्यांच्या मधे तांबूस रेघ उरली होती. बारीक. रिठ्याने घासूनही गेली नाही. ती बघून विचारलं, "काव कुठली वापरलीस?"

मी म्हटलं — सुर्ल्याची. घरची.

पास! आठांतून सहा पास, त्यात मी. आणि हे सगळं बाजूला — बाई गेल्यावर शेटमास्तर माझ्या बाकापाशी आले. खिशातून कागदाची पुडी काढली. रिकामी. समोर धरली. "इल्ली माका दी." उसनी मागत नाहीत म्हणालेले हेच! साईशचं तोंड उघडंच राहिलं. मी काडेपेटी उघडून चिमूटभर घातली. जरा जास्तच घातली.

घरी आले तर बाबा ट्रकखाली. नुसते पाय बाहेर. खालूनच विचारलं, "उघडला?"

मी म्हटलं, उघडलं. पाना पुन्हा फिरायला लागला. आत गेले मी.

२६ एप्रिल, बुधवार

शेटमास्तरांनी बोलावलं. डिचोलीच्या बाजारात त्यांचं दुकान आहे. नजर कमी झालीय, बारीक काम दिसत नाही. मुलगा बँकेत. "बिजागऱ्यो तूं कर. मेच्या पयल्यासून यो. बापायक विचार."

बापायक विचार! तीच तर भानगड आहे. जागा राखलेली, शब्द दिलेला. तो मीच द्यायला लावलेला, रागाच्या भरात. बाबा शब्द मोडणाऱ्यांतले नाहीत. महिनाभर काट्याचं नावही काढलेलं नाही त्यांनी. म्हणजे त्यांच्या मनात ते ठरलेलंच आहे, बोलायचं काय त्यात!

पण मी जाणार नाही. सांगणार त्यांना — नापास झाले तर, असं ठरलं होतं. मी पास झालेय.

२८ एप्रिल

काल धीर झाला नाही. आजही नाही. वाक्यं पाठ केलीयत. उद्या शनिवार, ते लवकर येतात. उद्या नक्की. भांडण झालं तरी चालेल.

२९ एप्रिल, शनिवार

बाबा यायच्या आधी सगुण आला — खालच्या वाड्यावरचा. हातात पेढे. मंगळवारपासून काट्यावर लागतोय! मी म्हटलं, कुठल्या काट्यावर? तिथली जागा तर माझी.

तो म्हणाला, तुझ्या बाबांनीच, बाबलीभाऊंनीच तर कारकुनाला सांगितलं — म्हज्या चलयेक चांदयेचें काम आसा, ती येवंची ना, जागो सगुणाक दी. म्हणजे मी येणार नाही, हे बाबांनीच सांगून टाकलेलं! मी विचारलं, कधी? "शिगम्या आदीं. शनवार आसलो. सायकलीर आयिल्ले, सांजेक."

तो गेल्यावर ही वही मागे उलटून पाहिली. अठरा मार्च. अर्धा कप चहा.

बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आलाय. चहा ठेवते.