उशीला टाचलेला पदर

बडनेरा,
कार्तिक वद्य ३, शके १८५८

चि. सौ. आशाबाईस सुभद्रावैनीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आमी सारे खुशाल. तुही माय खुशाल म्हणवते, पण नाई. माह्या सासूले, आत्याबाईले, आता दोन्ही डोयांनी धुकं दिसते. परवा दारातल्या वासराले शेजारचा नत्थुजी समजून बस म्हणाल्या. नत्थुजीले सांगितलं तर म्हणे, वासरूच शहाणं, बसलं तरी असंल.

गावात मोतीबिंदूचा सुईवाला आला आहे. त्यानं नत्थुजीच्या डोयात सुई घातली अन् नत्थुजी तिथंच निंबावरचे कावळे दाखवाले लागला. मले दम कुठला? आत्याबाईले हात धरून नेलं. तो म्हणे, डोक्यावरचा पदर काढा, डोकं पकडू द्या. आत्याबाई म्हणाल्या, आंधळी मरीन पण परक्या माणसापुढं डोकं उघडं करणार नाई. उठल्या अन् चालू लागल्या. असा राग आला व बाई! पुढच्या बाजाराले तो परत येते. तू चार शब्द लिहून पाठव, मी वाचून दाखवते.

पोटातल्या बाळाले जप. माया आहे तशीच ठेवजो.
तुही वैनी सुभद्रा


अकोला,
ता. ८ डिसेंबर १९३६

ती. सौ. वहिनीस आशाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून लगेच लिहायला बसले. आईला त्या माणसापुढे पुन्हा नेऊ नका. आमच्या शेजारी भगवंतराव डॉक्टर राहतात, त्यांना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेली साय नव्हे. बुबुळाच्या मागे काचेसारखा मणी असतो, तो वयाने गढूळ होतो. थेंबांनी नाही की सुरम्याने नाही, तो कशानेच विरघळत नाही. सुईवाला तो मणी डोळ्यातच खाली ढकलतो. वाट मोकळी झाली की उजेड आत येतो, म्हणून माणूस लगेच पाहू लागतो. पुढे डोळा नासतो, तोवर सुईवाला दुसऱ्या गावी गेलेला असतो.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि मणी बाहेर काढतात. मग काही दिवस डोळे बांधून, मान न हलवता उताणे पडायचे. जखम भरली की जाड भिंगांचा चष्मा. मला आठवा लागला आहे, सासूबाई गाडीत बसू देत नाहीत. आई तुमचे ऐकत नाही हे खरे, पण तिला उचलून नेणारे घरात दुसरे आहे कोण? दादा तर कापसाच्या जिनातून घरी येतील तेव्हा खरे. तुमची ती प्रसिद्ध घाई या वेळी दवाखान्याच्या कामी लावा.

लहानीवरचा लोभ कमी करू नये.
आपली आशा


अमरावती,
मार्गशीर्ष शुद्ध ११

चि. सौ. आशाबाईस वैनीचे आशीर्वाद.

तुहं पत्र आलं अन् दोन दिवसांत नत्थुजीच्या डोयातून पू वाहू लागला. आता त्याले कावळा काय, निंबही दिसत नाई. त्या जागी आत्याबाई राहिल्या असत्या, तेही माह्या हातानं. दुसऱ्याच दिवशी दमणीले बैल जुंपवले. तुहे दादा म्हणे वेचणी आटपू दे. मी म्हटलं, कापूस थांबते, डोया थांबत नाई.

इथं डोकं उघडं कराले कोणी सांगितलं नाई. डोक्याले पांढरं फडकंच बांधलं, म्हणून आत्याबाई मुकाट निजल्या. एका डोयाचा मणी निघाला. खरी कटकट पुढं. डोये बांधलेले, कोण आलं ते कळत नाई. पुरुषाचा आवाज आला की आत्याबाईचा हात पदराले जाते अन् मानही संगंच उठते! डॉक्टर ओरडला, मान हलली तर जखम उसवून डोया वाहून जाईल. मी बी ओरडली. आत्याबाई म्हणे, न दिसणारीनं पदर सांभाळू नाई तर काय करू?

मंग मी सुईदोरा मागितला. डोक्यावरून पदर घेतला अन् दोन्हीकून उशीले टाचून टाकला. म्हटलं, आता लाटसाहेब आला तरी पडत नाई. बोटांनी टाके चाचपले अन् तुही माय अशी पडली जशी जात्याची खालची तळी. डॉक्टर पयले हसला, मंग पलीकडच्या खाटेवरच्या बाईचाही पदर मलेच टाचाले लावला. तिसरं बुक शिकली नाई मी, पण दवाखान्यात माहं नाव झालं.

पट्टी उद्या सुटते. मले धाकधूक आहे. आत्याबाईले हे सांगितलं नाई, तू बी सांगू नको.

आठवण काढत राहाजो.
सुभद्रा


बडनेरा,
पौष वद्य १०

चि. सौ. आशाबाईस अनेक आशीर्वाद. बाळंतपण सुखरूप झालं, पोरगी तुह्यावर गेली हे वाचून आत्याबाई म्हणे, मंग रडकी असंल.

पट्टी सुटली तवा पाण्यातून पाहावं तसं दिसत होतं. म्या मनातून हाय खाल्ली होती. काल चष्मा आला. काचा अशा जाड की डोये बशीएवढे दिसतात. तो घातला अन् काठी टाकून सरळ वावरात गेल्या. मी मागं पळाली. ओंजळभर कापूस उचलून उन्हात धरला अन् सगळ्या वेचणाऱ्या बायांसमोर मले धारेवर धरलं. म्हणे, याच्यात पाती, याच्यात काडी, ह्या तासातली, अख्ख्या ओळीतली बोंडं तशीच सोडली, तीन सालापासून सुभद्रा मले सांगून राहिली का कापूस चांदीसारखा आहे! हे काय चांदी?

बाया तोंडाले पदर लावून हसत होत्या. मले कोणी अर्धा शब्द बोललं तर मी सोडत नाई, तुले माहीत आहे. पण काल उभी राहिली व बाई, मान ताठ करून, अन् म्हटलं, आत्याबाई, पलीकडच्या तासातही पाहा, तिथं याच्याहून जास्त काडी-पाती आहे.

बाळीले घेऊन लवकर ये. आम्हा दोघींवर जीव असू दे.
तुही वैनी सुभद्रा