धर्ममातेला रकाना नाही

इलोइलो,
शनिवार

तीर्थरूप एर्मिनमामा,

तुमचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतला आहे असे समजावे. टपालाने तो लावता येत नाही. गुडघा कसा आहे? मामींनी साखर खरेच सोडली, की फक्त तुमच्यासमोर सोडली? आई ठीक आहे. माझे विचारू नका. शाळेत जाण्याआधी स्वयंपाकघरात बसवून तुम्हीच मला जमा-नावे शिकवलेत, आणि जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याखाली सही करायची नाही, असे बजावलेत. पुढे शाळेत कुणी त्याच्या उलट शिकवले नाही. (शिकवले असते तर आज मी सुखात असते.)

तर, मॅम चेलोंच्या ऑडिट फर्ममध्ये मला इंजिनिअर पालोमार यांचे काम मिळाले. सान लाझारोच्या नदीकाठी त्यांनी पूर अडवायची भिंत बांधली, सरकारने पैसे दिले, आणि हिशेब खरा आहे अशी सही आता मी करायची. मी भिंत पाहायला गेले. (ऑफिसात सगळ्यांना हसू आले. भिंत पाहायला कुणी जाते का? बिले असतात की!) नदी होती, केळी होती, बदके होती. काठावर राहणाऱ्या एका म्हातारीने उलट मलाच विचारले, "इंदाय, पोरी, भिंत घेऊन आलीस का गं?" तिथून इंजिनिअरसाहेबांच्या घरी गेले, तर ते हजरजबाबी. "आहे ना, मॅडम. पाण्याखाली आहे." मी म्हटले, पाणी तर घोट्याएवढे आहे. "मग गाळाखाली असेल. भिंत मजबूत असली की जरा खाली बसतेच."

त्यांनी मला पाकीट दिले असते किंवा धमकी दिली असती, तर मला नाही म्हणता आले असते. त्यांनी घरातून बायकोला बाळासह बाहेर बोलावले आणि म्हणाले, आमच्या लेकराची निनांग व्हा, बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभ्या राहा. मामा, आपल्याकडे याला नाही म्हणता येते का? नकार दिला तर तो बाळाला बाधतो, असे ऐकतच आपण मोठे झालो. मी 'विचार करून सांगते' म्हणायला तोंड उघडले, तोच बाळाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि बाळाने माझे बोट धरले. (बाळाचा यात काही दोष नाही. त्या घरात हिशेब चोख असलेले तेवढे एकच माणूस आहे.)

चर्चमध्ये मेणबत्ती धरून उभी राहिले तेव्हा बाकीचे धर्ममाता-धर्मपिता दिसले. रांग पार दारापर्यंत. भिंत पूर्ण झाल्याचा दाखला देणारे जिल्हा अभियंता, पैसे सोडणारे खजिन्याचे अधिकारी, आमच्या मॅम चेलो, आणि सगळ्यांच्या पुढे लेखापालांच्या शिस्त समितीचे अध्यक्ष गारगारिता, जे आम्हाला दरवर्षी सचोटीवर सक्तीचे व्याख्यान देतात. पाद्रीबाबांनी वाटीभर पाण्यात आम्हा सगळ्यांना एकमेकांचे नातेवाईक करून टाकले. बाहेर आल्यावर अध्यक्षांनी मला "काय कुमारे, जेवलीस का पोटभर?" असे विचारले. कुमारे, म्हणजे बाप्तिस्म्याने झालेली नातलग; आता मी घरचीच.

आता, भ्रष्टाचाराला आळा बसावा म्हणून यंदा नवा नियम आला आहे. गिऱ्हाइकाशी नाते असेल तर लेखापालाने ते समितीला कळवायचे. अर्जात नवरा, दीर, चुलत सासरे, सगळ्यांना रकाने आहेत, धर्ममातेला नाही. मी समासात लिहिले. शिवाय 'स्वीकारलेला पाहुणचार' इथे बाप्तिस्म्याच्या जेवणातले भाजलेले डुक्कर लिहिले, दोन ताटल्या, कातडीसह. (कातडी वेगळी दाखवावी का, यावर मी अख्खी दुपार घालवली.) समितीच्या कारकुनाने अर्ज वाचून माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.

"इंदाय, रकाना नाही म्हणजे नातं नाही. पुसून टाक."

"पण नातं आहे ना."

"मग घरी ठेव की! इथे कशाला घेऊन आलीस?"

अध्यक्षांचे उत्तर लगेच आले. बाप्तिस्म्याचे नाते आत्मिक असते, समितीचा अधिकार देहधारी नात्यांपुरता आहे, सबब हितसंबंध सिद्ध होत नाही. डुक्कर मात्र देहधारी होते. गिऱ्हाइकाचा पाहुणचार घेतल्याबद्दल माझा परवाना का काढून घेऊ नये, याची सुनावणी येत्या शुक्रवारी आहे. त्याच डुकराचा मानाचा तुकडा अध्यक्षांच्या ताटात होता. पण त्यांनी तो कळवला नाही, त्यामुळे समितीला त्याची माहिती नाही. नियम झाल्यापासून सापडलेली पहिली भ्रष्ट लेखापाल मी. बहुधा व्याख्यानात माझे उदाहरण देतील.

मॅम चेलोंनी दार लावून मला समजावले. "अगं वेडे, पालोमारच्या कागदावर सही करून टाक. शुक्रवारी कुणाला काही आठवणार नाही."

"भिंत नाहीये, मॅम."

"पूर येऊ दे. पुरात खऱ्या भिंतीसुद्धा वाहून जातात. मग कोण बघतंय आधी होती की नव्हती?"

त्या पुरात ती म्हातारीही असेल, हे मी बोलले नाही. बोलले असते तर तिलाही रकाना नाही म्हणाल्या असत्या. सही केली तर परवाना राहतो, आणि त्या परवान्यावर जन्मभर अशाच भिंती उभ्या करायच्या. नाही केली तर माझ्या जागी दुसरी मुलगी येईल आणि ती नदीवर जाणार नाही. मी अजून सही केलेली नाही. मामींना सांगा, मी वेळेवर जेवते.

तुमची
हेनी

ता. क. – अध्यक्ष गारगारितांच्या थोरल्या मुलाचे धर्मपिता तुम्ही आहात, हे आईने काल भाजी निवडताना सहज सांगितले. तुम्ही एक शब्द टाकलात तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. आपल्यात म्हणताच येत नाही.

ता. क. २ – वरचे वाचून माझी मलाच लाज वाटली. इंजिनिअर पालोमार तरी वेगळे काय करतात? कृपा करून शब्द टाकू नका. ते वाक्य मी खोडणारच होते, पण मग पत्र गिचमिड दिसले असते.

ता. क. ३ – सुनावणी दहा वाजता आहे. नऊ वाजता अध्यक्ष समितीच्या कचेरीसमोरच्या बेकरीत एकटेच कॉफी पीत बसतात. तिथला पाव फार चांगला असतो, एवढेच कळवते.