काळ्या मोटारीच्या तकाकीचा बंदोबस्त

मी, यादोराव वल्द उदाराम कापगते, राहणार केशोरी, जिल्हा भंडारा, धंदा शेती व धानाचा व्यापार, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणास शंका असल्यास त्याने येऊन पाहावे: मी रोज सकाळी माझ्या मोटारीच्या काळ्या दारात तोंड पाहून दाढी करतो आणि अजून कधी गाल कापलेला नाही. खोकला मात्र हटत नाही. वैद्य म्हणतो पावसाळा सहज काढाल. पण तो म्हणतो त्याच्या उलट होते असा गावाचा अनुभव, म्हणून ही घाई. लिहिणारा छोटेलाल अर्जनवीस यास ताकीद आहे की मी बोलेन ते सगळे लिहावे, मध्ये आपली अक्कल पाजळू नये.

कलम पहिले. राहते घर, बोडीच्या तळ्याखालच्या धानाच्या बांध्या, बैल, भांडीकुंडी, सर्व पत्नी सौ. अनुसयाबाई हिच्याकडे, आणि तिच्या पश्चात मुलगी देवकाबाई हिच्याकडे जावे. यात भांडण्यासारखे काही नाही. पुढे चला.

कलम दुसरे. मोटार. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून मी ती लढाईच्या आधी घेतली. रंग काळा. काळा म्हणजे कोळशाचा नव्हे. अमावास्येच्या रात्री विहिरीत वाकून पाहावे तसा. कायद्याने मोटार ही जंगम मिळकत असते, पण रस्त्याच्या धुळीने रंगाचे वाटोळे होते म्हणून आमची मोटार मोटारखान्यातच असते. दर सोमवारी इंजिन चालू करून जागेवरच घुरघुरू देतो. लोक हसतात. हसोत बापडे, त्यांच्याकडे काय आहे पुसायला?

कलम तिसरे. तकाकीचे नियम. काळ्या रंगावर माशी बसली तरी तिचे पाय दिसतात, म्हणून कोरड्या फडक्याने धूळ कधीही पुसू नये. धुळीतले खडे रंगाला बोचकारतात. आधी वरून खाली गार पाणी सोडावे, तेही सावलीत. उन्हात धुतल्यास थेंब जागीच वाळतात आणि गाडी अंगावर देवी आल्यासारखी दिसते. मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपावे. फडक्याला शिवण नको, पुसणाऱ्याच्या सदऱ्याला बटण नको, बोटात अंगठी नको, हातात कडे किंवा बांगडी नको. जंगलू मडावी नागझिऱ्याकडच्या रानातून मधाच्या पोळ्याचे मेण आणतो, ते टर्पेंटाईनमध्ये विरघळवून अगदी पातळ लावावे आणि फ्लॅनेलने घोटावे. जाड लावाल तर कोंडा चिकटेल, आणि केशोरीत धान कांडताना कोंडा कुठे नाही ते मला दाखवा.

कलम चौथे. धाकटा भाऊ दुधराम यास मोटार मिळू नये. मी तापाने पडलो असता याने "दादा, तुही गाडी चमकावून देतो" म्हणून चुलीची राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि मागचे दार पाणी भरायच्या पितळी गुंडासारखे घासले! मेणाने ते झाकता झाकता माझे केस पांढरे झाले. तरी तो माझा भाऊ आहे, रिकाम्या हाताने जाऊ नये. त्यास चुलीतील संपूर्ण राख द्यावी, टोपलीसह.

कलम पाचवे. जावई केशोराव, राहणार गोंदिया, यासही मोटार मिळू नये. "मामाजी, चिंता मत करो, एकदम चकाचक करून देतो," असे म्हणत त्याने ती भर दुपारी अंगणात काढली आणि धुण्याच्या सोड्याने धुतली. तकाकी सोड्याबरोबर नालीत गेली. जावई चांगला आहे, मुलीला सुखात ठेवतो. पण मुलगी वेगळी आणि मोटार वेगळी.

कलम सहावे. पत्नी सौ. अनुसयाबाई. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे तुपाहळदीने चोळतो आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतो. हिने बैलांचे झाल्यावर उरलेले तूप-हळद मोटारीच्या बॉनेटला चोळले, तिलाही आवतन दिले, आणि मोटारखान्याचे दार उघडे ठेवून निघून गेली. बैल हुशार. ते आवतनाला जेवायला आले. बैलाची जीभ म्हणजे कानस! उजव्या बाजूचा मडगार्ड सकाळपर्यंत चाटून निकामी.

मी विचारले, "कायले केलं हे?"

म्हणाली, "घरात बांधली हाये, खाते-पिते, मंग तिनंच का पाप केलं?"

यावर मी तीन वेळा ओरडलो. सबब मोटार हिलाही मिळू नये.

कलम सातवे. असे झाल्यामुळे माझ्या पश्चात मोटारखान्याचे दार विटांनी चिणून टाकावे, मोटार आत ठेवून. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही, तर माझी काय इच्छा राहिली याची चर्चा करत बसू नये. समजावे की भिंतीला फट आहे आणि आत धूळ जात आहे. फट बुजवावी. कावळ्यांवर माझा राग आहेच, त्यांनी बॉनेटवर काय काय केले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही.

छोटेलालने इथवर लिहिले तोच अनुसयाबाई आतून आली. उद्या महाशिवरात्र, आमच्या जवळच्या प्रतापगडच्या महादेवाची जत्रा. ती दरवर्षीप्रमाणे बैलांच्या खासरीत, म्हणजे हलक्या गाडीत, निघायची तयारी करत होती. कलम सातवे तिने ऐकले होते.

"चिना भिंत," ती म्हणाली. "पन चार दिवस थांबून चिना."

"काऊन?"

"गाडी आली त्या दिवशी मी बसाले गेली, त तुमी का म्हनले? बांगड्या काढून बस, रंग खरवडते. नवरा जित्ता असताना बांगड्या काढू का मी? नाई बसली. आता तुमी मेले का लोकं फोडतीलच माह्या बांगड्या. तवा बसीन एकडाव तुमच्या मोटारीत. मंग चिना."

आणि ती शिदोरी बांधायला आत गेली. छोटेलालने विचारले, हेही लिहू का? मी म्हणालो, लिही. सही मात्र केली नाही. साक्षीदार जेवून घरी गेले.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी सांगितलेली. कलम चौथे व पाचवे कायम, राख दुधरामचीच. कलम तिसरे, बांगडीपुरते रद्द. कलम सातवे साफ रद्द, विटा गोठ्याला लावाव्या. मोटार सौ. अनुसयाबाईची.

आज पहाटे मी मोटार रस्त्यावर काढली. अख्खे गाव दारात उभे राहिले. कोणी म्हणे, अरे, हे चालते वाटते! छोटेलाल आणि दोन्ही साक्षीदार मागे, बायको माझ्या शेजारी, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत भरून. मुद्दाम भरल्या होत्या, मी ओळखतो तिला. पहिल्याच खड्ड्यात तिने दाराला गच्च धरले आणि करकर असा आवाज झाला. मी समोर पाहत राहिलो.

"कशी आहे गाडी?" मी विचारले.

"बैलाहून बरी हाये," ती म्हणाली. पुढच्या खड्ड्यात म्हणाली, "पन लई हाडं खिरखिरी करते." आणि हसली. ती अशी हसते हे मी विसरून गेलो होतो. इतकी वर्षे मी दारात स्वतःचेच तोंड पाहत बसलो, मूर्खासारखा.

गडाच्या पायथ्याशी उतरल्यावर तिने पूजेच्या ताटातली हळद बॉनेटला लावली. मी पुसली नाही. जत्रेतल्या पोरांनी हात लावून पाहिले. मी नुसता खोकलो.

कलम शेवटचे. दारावर आतून व बाहेरून पडलेल्या ओरखड्यांवर कोणी मेण लावू नये. माझ्या मरणानंतर अनुसयाबाईच्या बांगड्या कोणी फोडू नयेत, काढू नयेत. भाऊबंद, भटजी, जातीचे पंच, कोणीही मध्ये पडू नये. दरवर्षी जत्रेला जाताना दाराला ओरखडे पडण्यासाठी त्या लागतील. एवढीच इच्छा आहे. ती पाळली तर कावळा लगेच शिवेल, आणि मग तो बॉनेटवर बसला तरी त्याला हाकलू नये.

साक्षीदार: टिकाराम डोंगरवार (मागच्या बैठकीवर बसून आला, दोनदा ओकला, बाहेर). जंगलू मडावी, निशाणी अंगठा.

लेखक: छोटेलाल अर्जनवीस.

ठिकाण प्रतापगड, माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र, सन १९४६. कागद मोटारीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. खाली फडके घातले नाही.

यादोराव वल्द उदाराम कापगते