म्हशीचं नव्हं, माझं इंजेक्शन

ती. धोंडीराम मामांस,
सिदूचा कोल्हापूरहून साष्टांग दंडवत. मी इकडं खुशाल हाय (नाक सोडून). तुमची अन् मामीची तब्येत कशी, टँकर दिवसाआड येतो का, छावणीत चारा पुरतो का, ते कळवा. फोन केला की तुमी कट करता, म्हणून कागूद घेतला. डोकं तापल्यालं हाय, अक्षर तसंच येईल.

मामा, "सुईवर चालणारा जावई आमाला नको" असं तुमी चार माणसांत कावून म्हणलात? आपली पोरगी शिवकन्या सिदूलाच द्यायची, हे तुमीच पारावर बसून म्हणलतात, मी मागणी घातली नव्हती (मनात होती, ती गोष्ट येगळी). मला रोग न्हाई. हितं पशुखाद्याच्या कारखान्यात पोती उचलताना शिंका सुरू झाल्या, एका दमात एकवीस, मुकादमानं मोजल्यात. शिंका कशाच्या ते बघायला डॉक्टरनं हातावर वाफ्यावानी ओळीनं ठिपके टोचले. धूळ, झुरळ, कुत्रं, काय काय. फुगला एकच, टम्म पुरीवानी, गाजरगवताचा! आपल्या दिंद्रुडच्या शिवारात दुष्काळात बी हिरवं राहतं तेच. अन् औषध काय, तर त्याच गवताचा अर्क थेंबाथेंबानं दंडात घालायचा. मी म्हणलं, डॉक्टरसाहेब, लहानपणापासून ह्यातच लोळलो, आता आतून बी घालता का? ते म्हणले, अंगाला सवय लावायची, तीन वर्सं, खाडा करायचा न्हाई. मी, ज्यानं दोन वर्सांत पाच कारखाने सोडले, त्यानं तीन वर्सं एका जागी बसायचं! तरी बसलो. कुणापाई, ते तुमाला ठावं हाय.

खाडा पडू नये म्हणूनच सुट्टीत येताना बाटली बर्फात घालून आणली. ती थंडच ठेवावी लागती. आपल्या गावात लाईट जावयासारखी, आली तर आली. जनरेटरवरचा फ्रीज एकच, तुमच्या दूध सोसायटीत, नमुन्याच्या बाटल्या ठेवायचा. तुमी चेअरमन, म्हणून न इचारता ठेवली, सुईसकट. माझं चुकलं ते एवढंच.

सकाळी सेक्रेटरी बद्रीनाथनं फ्रीज उघडला, बाटली बघितली, सुई बघितली अन् बोंब ठोकली, "चेअरमन म्हशीला पान्ह्याचं इंजेक्शन देतंय बे!" सगळ्यांच्या म्हशी आटल्या अन् तुमच्या तेवढ्या भरत्यात, हे त्याच्या पोटात आधीपासूनच दुखत होतं. लेबल इंग्रजीत, ते त्याला येईना, मला बी येईना. तुमची घागर भरल्यालीच माघारी आली. मी घसा फोडून सांगतोय, म्हशीचं नव्हं, माझं हाय, तर दूध घालायला आल्याली साखराबाई म्हणती, "तुला कशाला रं पान्हा?"

मग शहानिशा करायला मला जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं, साक्षीला दोन संचालक. डॉक्टरनं कोल्हापूरची चिठ्ठी वाचली, दंडात टोचलं अन् अर्धा तास बाकड्यावर बसवलं (अंगावर काय उठलं तर लगेच बघता यावं, हा नियमच हाय). तेवढा येळ दोघं संचालक माझ्यावरची नजर काढंनात. मी म्हणलं, "कावून बघता? धार काढता का?" धुळाजीअण्णा म्हणले, "बाबा, आमाला लिहून द्यायचंय." अन् दिलं बी! सोसायटीच्या ठरावात आजबी हाय: "चेअरमनच्या भाच्यास इंजेक्शननंतर अर्धा तास दूध आले नाही."

दुसऱ्या दिवशी तुमचं दूध घेतलं, खुर्ची बी राहिली. बद्रीनाथनं हात जोडले ते तुमाला. म्हंजे सगळ्यांचं सगळं जागेवर, अन् लगीन तेवढं माझं मोडलं. ही कुठली पंचायत, मामा? सुई काय चोरून घेतो का मी? जग घेतंय.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना काय बी सांगू नका.
तुमचा (अजून तरी) भाचा,
सिदू

ता. क. वर काय जादा बोललो असंल तर शिंकताना लिवलं असं समजा.

पुन्हा ता. क. मामीनं सांगू नको म्हणलंय, पण सांगतो. मागल्या म्हयन्यात मामी शिवकन्येला घेऊन अंबाजोगाईला गेलती, ती देवीला नव्हं. पोरीच्या शिंका चुलीच्या धुरानं न्हाईत, मामा. तिच्या बी हातावर ठिपके टोचले, अन् फुगला एकच, म्हशीचा. तुमच्या गोठ्यात सात हायेत. ज्या ज्या बागायतदाराचं स्थळ तुमी बघता, त्याच्या दारात धा-बारा. माझ्याकडं जमीन न्हाई, घर न्हाई, भाड्याची खोली हाय, अन् म्हैस एक बी न्हाई. बघा, जमतंय का.