कॉलरमागचं टिंब

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे नवं औषध काम कसं करतं, असं तू विचारलंस. आपलं लाँड्रीचं दुकान आठव. प्रत्येक घराची खूण कॉलरच्या, नाहीतर पँटच्या कमरपट्टीच्या आत पक्क्या शाईनं घातलेली असायची. तुझ्या यकृतातल्या गाठीच्या पेशींवरही अशीच एक खूण आहे. आम्ही चरबीच्या इवल्याशा थेंबात एक जनुक भरतो. तो थेंब खूण ओळखून आत शिरतो आणि जनुक त्या पेशीला सांगतं, पुरे झालं, आता आवर. मग ती पेशी आपली आपण संपते.

अडचण अशी, की तीच खूण चांगल्या पेशींवरही असते, पुसटशी. औषध तिथेच गेलं तर? डॉक्टरांची पँट हेडमास्तरांकडे गेली, तो दिवस मी विसरलेलो नाही. डॉक्टरांच्या दोन टिंबांऐवजी एकच घातलं मी, आणि बुटके हेडमास्तर पँट वर धरून शाळाभर फिरले. बाबांनी मला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत थोबाडीत दिली. अजूनही मी प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी बोट ठेवून दोनदा वाचतो. सगळे हसतात.

ताई, तू या औषधाच्या चाचणीतून नाव काढून घे. दुसऱ्या कुणाला मी हे सांगितलं नसतं, याची लाज वाटते.

तुझा,
टिंब्या


११ फेब्रुवारी

चि. टिंब्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. बोट ठेवून दोनदा वाचलं. वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली आहे. चादर आली की मी आधी कोपऱ्यावरची खूण बघते. इस्त्री अगदीच भिकार.

आता ऐक. ते दुसरं टिंब घालायला मी विसरले होते. तू जेवायला गेलास आणि उरलेल्या कपड्यांवर मी खुणा घातल्या, घाईघाईत, कारण मैत्रीण बाहेर ताटकळत होती. काम तुझं, म्हणून चूकही तुझीच, असं सगळ्यांनी धरलं, अगदी तूसुद्धा. तुला थोबाडीत बसली तेव्हा मी इस्त्रीच्या टेबलामागे मूग गिळून उभी होते. वर टिंब्या हे नावही मीच पाडलं. त्याचं मला फार वाईट वाटतं रे.

बाकीचे उपाय संपलेत, हे डॉक्टरांनी मला सरळ सांगितलंय. आणि माझ्या चुकीपायी जो जन्मभर दोनदा वाचत आला, त्याच्या हातचं औषध मी नाही घ्यायचं, तर कुणी? सही करून टाकली आहे.

लोभ आहेच. राग आला तर तोही कळव.

तुझी,
ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या स्कॅनचा रिपोर्ट आत्ताच पाहिला. दोनदा. गाठ निम्म्यावर आली आहे आणि बाकीचं यकृत शाबूत आहे. ज्या घरचं औषध, त्याच घरी गेलं. अजून दोन डोस आहेत आणि पुढचं आज कुणीच सांगू शकत नाही. पण मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून पोटभर रडून घेतलं.

मागच्या पत्राला मुद्दामच उत्तर दिलं नव्हतं. टिंब तुझं आणि थोबाडीत माझ्या! आजारी माणसाशी काय भांडायचं, म्हणून गप्प बसलो.

रविवारी येतोय. लोभ आहे तसाच राहू दे, आणि गाल तयार ठेव.

तुझाच,
टिंब्या